दोन हेलिक्स एकमेकींभोवती किती पिळल्यात, हे मोजायचं कसं?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी. इथे प्रथिनांवर फारसे धागे निघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी खारघरला जाते. विषय आहे व्हायमेंटिन. पेशीच्या सांगाड्यात मध्यम जाडीचे जे तंतू असतात, त्यांतलं हे एक प्रथिन. केसांतलं केराटिन याच कुळातलं. व्हायमेंटिनचा मधला लांब भाग म्हणजे दोन अल्फा-हेलिक्स (प्रथिनाच्या साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी), शेजारी शेजारी आणि एकमेकींभोवती हळूहळू पिळलेल्या. यालाच कॉइल्ड कॉइल म्हणतात. माझ्याकडे त्यातला २बी नावाचा तुकडा आहे आणि मला त्याचा पीळ आकड्यांत मांडायचा आहे.

आमच्या गटात रूढ पद्धत अशी: प्रत्येक हेलिक्सच्या सी-अल्फा अणूंना (प्रत्येक अमिनो आम्लातला कण्यावरचा मधला कार्बन) सगळ्यांत जवळून जाणारी सरळ रेषा काढायची आणि दोन रेषांमधला कोन नोंदवायचा. अडचण अशी, की मधला छोटा तुकडा घेतला तर कोन वीस अंशांच्या आसपास येतो आणि पूर्ण लांबी घेतली तर एकेरी आकड्यात जातो. रेणू तोच, फाइल तीच. यातला कुठला आकडा लिहायचा? की मोजायची रीतच दुसरी हवी?

पेशीमित्र (खारघर)

रीतच दुसरी हवी. कारण ही रेषा ज्या अक्षाला बसवायची आहे, तो अक्ष मुळात सरळ नाही. कॉइल्ड कॉइलमध्ये प्रत्येक हेलिक्सचा अक्ष स्वतःच एक लांबट, संथ हेलिक्स असतो. त्यावर सरळ रेषा टेकवली, की तुकड्याची लांबी उत्तरात शिरते.

ही भूमिती फ्रान्सिस क्रिकने बांधली. अ‍ॅस्टबरीने लीड्समध्ये लोकरीची आणि केसांची क्ष-किरण चित्रं काढली होती, त्यांत तंतूच्या दिशेने साधारण ५.१ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) खूण दिसायची. पॉलिंगची अल्फा-हेलिक्स १९५१ मध्ये आली, तिचा एक वेढा होता ५.४ अँगस्ट्रॉमचा. हा फरक कुणालाच सोडता येईना. १९५२ मध्ये क्रिकने सुचवलं, की केराटिनमध्ये हेलिक्स सरळ उभ्या नसून थोड्या कलून एकमेकींभोवती फिरत असणार, आणि १९५३ मध्ये सगळं गणित मांडलं. तेव्हा त्याची पीएचडीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. पॉलिंग आणि कोरी यांनीही त्याच सुमारास अशीच कल्पना मांडली आणि पहिलं कोण यावरून थोडी कुरबुरही झाली. पण आजही आपण जे मोजतो ते क्रिकचेच घटक: पिळाची त्रिज्या, प्रत्येक अमिनो आम्लामागे पीळ किती अंश पुढे सरकतो तो कोन, आणि हेलिक्सचा कुठला चेहरा आतल्या बाजूला वळलाय ते.

कोन हवाच असेल तर तो या घटकांतून निघतो. उलट्या दिशेने, म्हणजे कोनावरून घटक, काढता येत नाहीत.

गणितगप्पा (नौपाडा, ठाणे)

पेशीमित्र ताईंचं म्हणणं आकड्यांत तपासून पाहिलं, कारण खाडीकाठ यांची शंका फार नेमकी आहे.

आदर्श कॉइल्ड कॉइल घेऊ: पिळाची त्रिज्या ४.९ अँगस्ट्रॉम, पूर्ण वेढ्याची लांबी म्हणजे पिच १४८ अँगस्ट्रॉम. अक्षाचा कल किती? त्रिज्येला दोन पायने गुणायचं आणि पिचने भागायचं. टॅन्जंट येतो ०.२०८, म्हणजे सुमारे ११.८ अंश. दोन हेलिक्स समोरासमोर, म्हणून त्यांच्यातला खरा कोन दुप्पट, साधारण २३.५ अंश.

आता याच आकृतीवर किमान वर्गांच्या पद्धतीने सरळ रेषा बसवू. तुकडा एक तृतीयांश वेढ्याचा असेल तर कोन येतो २१ अंश. अर्ध्या वेढ्याचा असेल तर १८. पूर्ण वेढा घेतला तर जेमतेम ७. आणि कुणी नुसतं पहिलं टोक शेवटच्या टोकाला जोडलं, तर पूर्ण वेढ्याला कोन शून्य! रेणूचा पीळ यात कुठेच बदललेला नाही.

तुमचा २बी तुकडा शंभराहून जास्त अमिनो आम्लांचा आहे ना? मग तो एका वेढ्याच्या आसपास जातो आणि एकेरी आकडा अपेक्षितच आहे.

जेकेग्रामकर (ठाणे पश्चिम)

लोकर आणि अ‍ॅस्टबरी ही दोन नावं दिसली आणि राहवलं नाही. रेमंडची ठाण्यातली लोकर गिरणी १९२५ची. तिच्या चाचणी प्रयोगशाळेत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आमच्या पाठ्यपुस्तकात अ‍ॅस्टबरीचं नाव असायचंच, कारण वाफेवर लोकरीचा तंतू ताणला की त्याची क्ष-किरण रचना बदलते, हे त्याने दाखवलं होतं. अल्फा आणि बीटा ही नावं तिथूनच आली.

मला प्रथिनांचं गणित येत नाही, पण पीळ मोजणं हे आमचं रोजचं काम. एकेरी सूत उजव्या पिळाचं असतं, ज्याला आम्ही झेड म्हणतो. अशी दोन सुतं एकत्र करून दुपदरी करताना पीळ उलटा देतात, म्हणजे एस, डावा. तुमच्या अल्फा-हेलिक्स उजव्या आणि त्यांचा एकत्र पीळ डावा असतो, असं वाचल्याचं आठवतं. ते बरोबर असेल तर रचना हुबेहूब दुपदरी सुताची झाली.

आणि एक अनुभवाची गोष्ट सांगतो. ट्विस्ट टेस्टरवर ठरावीक लांबीचं सूत उलगडून मीटरमागे वेढे मोजतात. पण सुतात पीळ सगळीकडे सारखा नसतो. जिथे सूत बारीक, तिथे पीळ पळतो आणि गोळा होतो. जाड जागी कमी राहतो. सरासरी अगदी प्रमाणात असूनही सूत मागावर तुटतं, ते या जागांमुळे. म्हणून विचारतो, प्रथिनातही पीळ जागोजागी वेगळा असतो का? असेल तर सरासरी एकच आकडा देऊन काय कळणार?

पेशीमित्र (खारघर)

काका, धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. हो, जागोजागी वेगळा असतो. आणि खाडीकाठच्या प्रथिनात तर तो ठळकपणे वेगळा आहे, त्यावर खाली येते.

उजव्या-डाव्याचं तुमचं म्हणणं बरोबर. फक्त कारण सुतापेक्षा वेगळं आहे. सुतात एकेरी पिळाचा ताण उलट्या पिळाने फिटतो. प्रथिनात ताण फेडण्याचा प्रश्न नाही, तिथे पाण्यापासून लपण्याची गरज काम करते. अल्फा-हेलिक्सच्या एका वेढ्यात साधारण ३.६ अमिनो आम्लं. कॉइल्ड कॉइलच्या क्रमात दर सातांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो, त्यातल्या जागांना ए, बी, सी पासून जी पर्यंत नावं आहेत. ए आणि डी या जागांवर पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं, बहुतेकदा ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन. सात अमिनो आम्लांत दोन वेढे पूर्ण व्हायला वेढ्याला ३.५ हवीत, पण हेलिक्सचा स्वभाव ३.६चा. ३.६ म्हणजे प्रत्येकी १०० अंश, सातांचे ७००, आणि दोन वेढे म्हणजे ७२०. दर सातांमागे २० अंशांची तूट. त्यामुळे पाण्याला टाळणारा हा पट्टा हेलिक्सच्या अंगावरून हळूहळू डावीकडे वळत जातो. दोन हेलिक्सना आपापले पट्टे शेवटपर्यंत एकमेकींना चिकटलेले ठेवायचे, तर दोघींना डावीकडे पिळावंच लागतं.

म्हणजे पीळ अमिनो आम्लांच्या क्रमातून येतो. क्रमात सातांची लय मोडली, की पीळही तिथे बदलणार.

खाडीकाठ (ऐरोली)

गणितगप्पा सर, तुमचे २१, १८ आणि ७ हे आकडे पाहून आमच्या गटातला वाद मिटला. मनापासून आभार. काका, मागावर सूत तुटण्याचं उदाहरण मी आमच्या मॅडमना सांगणार आहे.

आता पुढचं विचारते. जागोजागी मोजायचं म्हणजे प्रत्यक्षात काय काय करायचं? तयार प्रोग्राम आहेत हे माहीत आहे, पण आत काय चाललंय हे समजल्याशिवाय आकडा लिहायला मन घेत नाही. पायथन येतं मला.

सागरविहार (वाशी)

मी सॉफ्टवेअरवाला, रबाळ्याला एका कंपनीत, पण एका प्रयोगशाळेला पीडीबी (प्रथिनांच्या रचनांचा सार्वजनिक संग्रह) फाइली हाताळायला मदत केली आहे. मोजण्याआधीच्या दोन गोष्टी.

एक, क्रिस्टलच्या फाइलमध्ये अनेकदा एकच साखळी असते. दुसरी हेलिक्स सममितीने तयार होते, ती फाइलमध्ये लिहिलेलीच नसते. म्हणून नेहमी जैविक जुळणीची, म्हणजे सगळ्या साखळ्या एकत्र असलेली, फाइल उतरवायची. नाहीतर प्रोग्राम जोडीदार शोधत बसतो, किंवा क्रिस्टलमधली भलतीच शेजारीण जोडीदार म्हणून धरतो.

दोन, ज्या अमिनो आम्लांचे अणू दिसलेच नाहीत ती फाइलमध्ये गाळलेली असतात आणि काहींच्या दोन-दोन स्थिती दिलेल्या असतात. क्रमांकांवर भरवसा ठेवून सरळ पुढचा अणू घेतला, तर मध्येच एक खोटा झटका दिसतो. आधी सलग तुकडे पाडा, मग मोजा.

पेशीमित्र (खारघर)

सागरविहार यांच्या दोन्ही सूचना आधी पाळ. मग पुढे.

पहिलं काम: ही खरोखर कॉइल्ड कॉइल आहे का ते ठरवणं. दोन हेलिक्स शेजारी असणं पुरेसं नाही. एकीची बाजूची साखळी (अमिनो आम्लाचा कण्याबाहेर डोकावणारा भाग) दुसरीच्या चार बाजूच्या साखळ्यांनी तयार केलेल्या खाचेत खुंटीसारखी बसली पाहिजे, हीही क्रिकचीच कल्पना. वॉलशॉ आणि वुल्फसन यांचा २००१ मधला सॉकेट हा प्रोग्राम नेमकं हेच शोधतो. प्रत्येक बाजूच्या साखळीचा मध्यबिंदू काढतो, ठरावीक अंतराच्या आत, सहसा ७ अँगस्ट्रॉम, कोण कोणाच्या खाचेत आहे ते पाहतो आणि ए ते जी अक्षरंही लावून देतो. ही अक्षरं पुढे लागतात.

दुसरं काम, आणि सगळ्यांत सुंदर: प्रत्येक अमिनो आम्लापाशी हेलिक्सचा स्थानिक अक्ष. लागोपाठचे तीन सी-अल्फा घे. मधल्या अणूपासून आधीच्या आणि नंतरच्या अणूकडे जाणारे दोन सदिश मिळव. बेरीज थेट हेलिक्सच्या अक्षाकडे बोट दाखवते. पुढच्या अणूपाशी हेच कर. या दोन सदिशांमधला कोन म्हणजे हेलिक्सचं एका अमिनो आम्लामागचं वळण, साधारण १०० अंश. त्यांचा सदिश गुणाकार म्हणजे अक्षाची दिशा. दोन सी-अल्फांमधल्या अंतराचा त्या दिशेतला भाग म्हणजे चढ, साधारण १.५ अँगस्ट्रॉम. आणि अणूपासून त्या बोटाच्या दिशेने सुमारे २.३ अँगस्ट्रॉम आत गेलीस की अक्षावरचा बिंदू. बाजूच्या साखळ्यांची गरजच नाही, नुसते सी-अल्फा पुरतात.

तिसरं: दोन्ही हेलिक्सवरच्या समोरासमोरच्या थरातले अक्षबिंदू घेऊन त्यांचा मध्य काढ. हे मध्य जोडले की कॉइल्ड कॉइलचा स्वतःचा अक्ष तयार होतो, आणि तो वाकलेला असला तरी बिघडत नाही. मध्यापासून हेलिक्सच्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे तिथली त्रिज्या. एका थरातला हेलिक्सबिंदू, त्याचा मध्य, पुढच्या थराचा मध्य आणि पुढचा हेलिक्सबिंदू, या चारांचा डायहेड्रल कोन (पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन बिंदूंच्या प्रतलांमधला कोन) म्हणजे पीळ एका अमिनो आम्लामागे किती सरकला ते.

चौथं: अक्षबिंदूवर उभं राहून मध्याकडे एक दिशा आणि सी-अल्फाकडे एक दिशा. त्यांच्यातला कोन म्हणजे क्रिक कोन. शून्य असेल तर ते अमिनो आम्ल बरोबर आत पाहतंय.

ही जवळपास ट्विस्टर प्रोग्रामची पद्धत, स्ट्रेलकॉव्ह आणि बुर्कहार्ड यांची, २००२ची. यातल्या स्ट्रेलकॉव्ह यांनी व्हायमेंटिनच्याच तुकड्यांच्या क्रिस्टल रचना सोडवल्या होत्या, म्हणजे हे साधन तुझ्याच रेणूच्या गरजेतून आलेलं आहे.

गणितगप्पा (नौपाडा, ठाणे)

वाह, तीन बिंदूंवरून अक्ष काढण्याची युक्ती दहावीच्या मुलांनाही दाखवता येईल.

पण माझं एक वेगळं मत मांडतो. स्थानिक मोजणीत प्रत्येक अणूच्या जागेतली चूक थेट उत्तरात उतरते. त्यापेक्षा क्रिकचं संपूर्ण समीकरण साऱ्या अणूंना एकदम बसवलं तर? मोजके घटक, शेकडो बिंदू, चुका आपोआप विरून जातील.

पेशीमित्र (खारघर)

तसंही करतात. ग्रिगोर्यान आणि डीग्राडो यांचा २०११चा सीसीसीपी हेच करतो, आणि नवीन प्रथिनं घडवणाऱ्यांना तो फार उपयोगी, कारण त्यांना आदर्श आकृतीच हवी असते. नैसर्गिक प्रथिनात मात्र सगळीकडे एकच त्रिज्या आणि एकच पीळ आहे हे आपण आधीच गृहीत धरून बसतो. काकांच्या सुतातली बारीक जागा या पद्धतीत कधीच दिसणार नाही. ती फक्त उरलेल्या तफावतीत लपून राहील.

माझा सल्ला: रचना कमी स्पष्टतेची असेल, ३.५ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून धूसर, तर स्थानिक आकडे सात अमिनो आम्लांच्या खिडकीत सरासरी करून वापरावेत. सातच का, तर एक पूर्ण लय त्यात बसते आणि ए-डीमुळे येणारं वरखाली आपोआप कटतं. रचना स्पष्ट असेल तर कच्चे आकडे आधी पाहावेत.

गणितगप्पा (नौपाडा, ठाणे)

खिडकीचा मुद्दा मान्य. मग त्यातच एक धोका नोंदवतो: सरासरी पिचची घेऊ नका, कोनाची घ्या.

पिच म्हणजे चढ गुणिले ३६०, भागिले अमिनो आम्लामागचा पीळ. चढ १.४८ आणि पीळ ३.६ अंश असेल तर पिच १४८. पीळ अर्ध्या अंशाने वाढून ४.१ झाला तर पिच १३०. अर्ध्या अंशाने घटून ३.१ झाला तर १७२. म्हणजे सारखीच चूक वर-खाली वेगळी दिसते. आणि एखाद्या जागी पीळ शून्याजवळ गेला तर पिच अनंताकडे पळतं आणि पलीकडे चिन्ह बदलून येतं. असा एक आकडा सरासरीत शिरला की बाकी सगळे वाया.

दुसरा मुद्दा, जो मला स्वतःला फार आवडला. पेशीमित्र ताईंनी सुचवल्यावर हार्बरी आणि सहकाऱ्यांच्या १९९३-९४च्या कामातले आकडे पाहिले. त्यांनी जीसीएन४ या प्रथिनाच्या ए आणि डी जागांवरची अमिनो आम्लं बदलून त्याच क्रमापासून दोन, तीन आणि चार हेलिक्सचे गठ्ठे मिळवले. त्रिज्या अनुक्रमे ४.९, ६.१ आणि ७.६ अँगस्ट्रॉम, पिच साधारण १४८, १७५ आणि २०५. प्रत्येक हेलिक्सचा मधल्या अक्षाशी कल काढला तर ११.८, १२.४ आणि १३.१ अंश, म्हणजे वाढत जातो. पण शेजारच्या दोन हेलिक्समधला कोन काढला तर २३.५, २१.३ आणि १८.५, म्हणजे कमी होत जातो! दोनांच्या गठ्ठ्यात शेजारीण बरोबर समोर असते, चारांच्या गठ्ठ्यात ती काटकोनावर असते, म्हणून. नुसता आपसातला कोन पाहून कुणी म्हणेल, चारांचा गठ्ठा कमी पिळलेला. कल पाहणारा उलट म्हणेल. आणि अमिनो आम्लामागचा पीळ पाहिला तर तो खरंच कमी झालेला आहे. तीन आकडे, तीन वेगळे प्रश्न. लिहिताना कुठला आकडा, हे शब्दांत लिहायलाच हवं.

तलावपाळी (ठाणे)

विषयाचा अभ्यासक नाही, पण वाचतोय आणि आनंद होतोय. एक विचारू का? जी. एन. रामचंद्रन यांचं कोलॅजन यातच येतं ना?

पेशीमित्र (खारघर)

यातच येतं. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रासमध्ये १९५४ साली कोलॅजनची तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये त्या साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याचं दाखवलं. फक्त त्या साखळ्या अल्फा-हेलिक्स नाहीत. तिथे प्रत्येक साखळी डावी आणि एकत्र पीळ उजवा, आणि दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण मध्ये दुसऱ्या कशाला जागाच नाही. त्यामुळे २.३ अँगस्ट्रॉम वगैरे वरचे आकडे कोलॅजनला लावू नयेत. सॉकेटलाही तिथे काही सापडणार नाही.

खाडीकाठ (ऐरोली)

सगळं स्वतः लिहून काढलं. आधी जीसीएन४च्या ल्युसीन झिपरवर (त्यातला दोन हेलिक्सचा छोटा कॉइल्ड कॉइल तुकडा) चालवलं, १९९१ची रचना, १.८ अँगस्ट्रॉमची, पीडीबी क्रमांक २झेडटीए. त्रिज्या ४.९च्या आसपास आणि पीळ उणे ३.६ अंशांच्या आसपास आला. प्रसिद्ध आकड्यांशी जुळतंय, म्हणून धीर आला.

मग २बी. बहुतेक लांबीभर आकडे तसेच, पण एका जागी पीळ जवळपास शून्यावर येतो आणि पुढे परत उणे तीन-साडेतीन होतो. त्याच जागी क्रिक कोन आदर्श किमतीपासून घसरत जातो. ही मोजणीतली गडबड की खरंच काही? आणि चिन्हाचं काय? गटातल्या जुन्या प्रोग्रामने काढलेला कोन अधिक येतो आणि माझा पीळ उणे.

पेशीमित्र (खारघर)

चिन्हाचं आधी. दोन्ही बरोबर आहेत. अमिनो आम्लामागचा पीळ डाव्या कॉइल्ड कॉइलला उणे धरतात. दोन अक्षांमधला कोन मात्र डायहेड्रलच्या नियमाने मोजतात आणि डाव्या पिळाला तो अधिक येतो. चोथिया, लेविट आणि रिचर्ड्सन यांनी १९८१ मध्ये हेलिक्सच्या बसण्याचे जे प्रकार मांडले त्यात उणे ५२ आणि अधिक २३ अंश असे कोन आहेत, आणि कॉइल्ड कॉइल त्यातल्या अधिक २३च्या जवळची. तक्त्याखाली एका ओळीत नियम लिही, म्हणजे वाचणारा गोंधळणार नाही.

आता ती जागा. गडबड नाही, ती खरी आहे! तिला स्टटर म्हणतात. सातांच्या लयीत तिथे चार अमिनो आम्लं जास्तीची आहेत, म्हणजे सात अधिक चार, अकरांचा गट. अकरांत तीन वेढे म्हणजे वेढ्याला ३.६७. हेलिक्सचा स्वभाव ३.६चा, तेव्हा आता तूट उलट्या बाजूची आणि किंचित. म्हणून डावा पीळ तिथे उलगडतो आणि शून्याजवळ येतो. सगळा रेणूच अकरांच्या लयीत असेल तर पीळ चक्क उजवा होतो. स्टॅफिलोथर्मस मॅरिनस नावाच्या सूक्ष्मजीवाच्या टेट्राब्रॅकिऑन प्रथिनात तसा चार हेलिक्सचा उजवा गठ्ठा सापडलेला आहे.

क्रिक कोनाची घसरण कितीची यायला हवी, तेही आधी सांगते, तू पडताळून बघ. सातांच्या लयीत मध्याच्या संदर्भाने प्रत्येकी १०२.८६ अंश, अकरांच्या लयीत ९८.१८. फरक ४.६८, गुणिले अकरा, म्हणजे ५१.४ अंश. हाच ए आणि डी यांच्यातला कोन: ए साधारण अधिक २५.७ वर, डी उणे २५.७ वर. म्हणजे स्टटर ओलांडताना हेलिक्स इतकी फिरते, की एकाच्या जागी दुसरं येऊन लय पुन्हा जुळते.

या अर्ध्या कोनाची गंमत तर अजून मोठी आहे. २००६ मध्ये ट्यूबिंगेनच्या गटाने आर्किओग्लोबस फुल्गिडस या सूक्ष्मजीवाच्या एका प्रथिनातला हॅम्प नावाचा भाग सोडवला. तिथे चारही हेलिक्स नेहमीच्या ए-डी मांडणीपासून सुमारे २६ अंश फिरलेल्या निघाल्या, त्यावरून त्यांनी असं मांडलं, की पेशीबाहेरचा संदेश आत पोचतो तो हेलिक्स आपल्या अक्षाभोवती एवढ्याच फिरल्यामुळे. तिथे त्रिज्या आणि पीळ पाहून काहीच कळलं नसतं. क्रिक कोन पाहिला म्हणून दिसलं. ट्यूबिंगेनच्याच दुनिन-होरकाविच आणि लुपास यांनी पुढे २०१० मध्ये चार हेलिक्सच्या गठ्ठ्यांसाठी समसीसी हा प्रोग्राम लिहिला. म्हणून मी सारखी सांगते, पिळाबरोबर क्रिक कोन काढल्याशिवाय मोजणी अर्धीच.

सागरविहार (वाशी)

अल्फाफोल्डने (अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचं भाकीत करणारा प्रोग्राम) दिलेल्या रचनेवर हेच चालवलं तर चालेल का? प्रयोगाने सोडवलेली रचना सगळ्यांची नसते.

पेशीमित्र (खारघर)

चालेल, पण मोजलं ते भाकीत, रेणू नव्हे, हे लिहायचं. हेलिक्सच्या आतल्या बाबतीत भरवसा बराच ठेवता येतो. किती साखळ्या एकत्र येतात आणि दोन साखळ्या एकमेकींच्या तुलनेत नेमक्या कुठे सरकलेल्या आहेत, इथे जास्त सावध राहायचं, कारण साखळ्यांची संख्या आपणच त्याला दिलेली असते. दोन साखळ्या दिल्या की तो दोनांचा गठ्ठा बांधून देतो.

जेकेग्रामकर (ठाणे पश्चिम)

पोरी, तुझ्या व्हायमेंटिनमध्ये जी जागा सापडली, ती केराटिनमध्येही आहे का? म्हणजे आयुष्यभर जी लोकर हाताळली, तिच्यातही पीळ असाच एका जागी उलगडत होता का?

खाडीकाठ (ऐरोली)

हो काका, आहे. २बीमधला स्टटर या सगळ्या कुळात जपला गेलाय, मेंढीच्या लोकरीतल्या केराटिनमध्येही. फरक एवढाच, की व्हायमेंटिनच्या दोन्ही हेलिक्स एकाच प्रकारच्या असतात, तर केराटिनमध्ये एक पहिल्या प्रकारची आणि एक दुसऱ्या प्रकारची अशीच जोडी जमते.

पेशीमित्र ताई, क्रिक कोन तपासला. घसरण अकरा अमिनो आम्लांत पसरलेली आहे आणि एकूण पन्नासच्या जवळ. आकृतीत एकाखाली एक तीन आलेख टाकतेय: त्रिज्या, पीळ आणि आदर्शापासून क्रिक कोनाचं अंतर, आडव्या अक्षावर अमिनो आम्लांचे क्रमांक आणि त्यांच्यावर ए ते जी अक्षरं. दोन्ही टोकांची चार-चार अमिनो आम्लं गाळू का? तिथे आकडे फार उड्या मारतायत.

पेशीमित्र (खारघर)

गाळू नकोस, फिक्या रंगात दाखव आणि सरासरीतून वगळ. टोकं खरंच सैल असतात, ती लपवायची गरज नाही. आणि पिचचा आलेख काढूच नकोस. गणितगप्पांनी कारण वर दिलंच आहे.